डीएक्स७चा इलेक्ट्रिक पियानो कव्हर बँडसाठी कसा घडवावा

ऐंशीच्या दशकातील संथ गाण्यांत सुरुवातीला नुसते चार कॉर्ड वाजतात आणि ड्रम, गिटार किंवा गायक यांपैकी कोणीही आत येण्याआधीच श्रोत्यांना गाणे ओळखू येते. त्या चार कॉर्डचा काचेसारखा स्वच्छ, किणकिणता नाद बहुतेक वेळा यामाहाने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या डीएक्स७ या सिंथेसायझरमधील ‘ई. पियानो १’ या टोनचा असतो. व्हिटनी ह्यूस्टन, शिकागो, फिल कॉलिन्स यांच्या त्या काळातील ध्वनिमुद्रणांतून हा टोन जगभर पोहोचला. परभणीत आमचा सहा जणांचा कव्हर बँड आहे. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांबरोबर आम्ही ही इंग्रजी गाणीही वाजवतो. गेली काही वर्षे या एकाच टोनवर मी जे काम केले, ते इथे क्रमाने मांडत आहे.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये दिसणाऱ्या बहुतेक कीबोर्डांत ‘एफएम ई.पी.’ अशा नावाचा एखादा टोन आधीपासून असतो. तो निवडून वाजवला तरी गाणे मूळच्यासारखे का वाटत नाही, हा प्रश्न मला अनेक नव्या वादकांनी विचारला आहे. टोनचा रंग साधारण बरोबर असतो, पण बोटाचा जोर बदलला की फक्त आवाज लहान-मोठा होतो आणि नादाचा पोत तोच राहतो. मूळ वाद्यात हळू दाबलेली पट्टी मऊ आणि गोल बोलते, जोराने दाबलेली पट्टी धातूसारखी चमकते, आणि या दोन टोकांमध्ये असंख्य छटा असतात. त्या छटा मिळवणे हेच या कामातील खरे काम आहे आणि पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

आधी कानाने उकलावे

यंत्राला हात लावण्यापूर्वी मूळ ध्वनिमुद्रण चांगल्या हेडफोनवर ऐकावे आणि एकाच कॉर्डवर दहा-पंधरा वेळा थांबावे. या नादात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. पहिली म्हणजे स्वर सुरू होताना येणारा बारीक ‘टिण’. झांजेच्या कडेला नख लागले की जसा आवाज येतो तसा, आणि तितक्याच लवकर विरणारा. दुसरी म्हणजे त्याखालचे अंग, गोलसर आणि हळूहळू मावळत जाणारे. तिसरी म्हणजे अंगात असलेली मंद लहर. डबल रीडच्या पेटीत दोन सूर केसभर वेगळे लावलेले असतील तर एकच पट्टी दाबूनही स्वर जसा हलतो, तशीच ही लहर आहे.

डीएक्स७ या टोनमध्ये ऱ्होड्स या विद्युत पियानोची नक्कल करतो. ऱ्होड्समध्ये हातोडी धातूच्या बारीक काडीवर आपटते आणि तिचे कंपन पिकअप उचलतो. ‘टिण’ हा त्या काडीचा आणि अंग हे तिच्या मूळ कंपनाचे, एवढे ध्यानात ठेवले की पुढील आकडे पाठ करावे लागत नाहीत.

एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) म्हणजे काय, तेवढ्यापुरते

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये असे आढळले की एका साध्या स्वराची वारंवारता दुसऱ्या स्वराने अतिशय वेगाने हलवली, तर वेगळा थरथरता स्वर ऐकू न येता मूळ स्वराचा रंगच बदलतो. पुढे यामाहाने या पद्धतीचे हक्क घेतले आणि तिच्यावर डीएक्स७ उभा राहिला. त्यात सहा ऑपरेटर असतात, म्हणजे साध्या साइन लहरी निर्माण करणारे सहा घटक; आणि त्यांच्या जोडणीच्या ३२ रचना असतात, ज्यांना अल्गोरिदम म्हणतात. जो ऑपरेटर आपल्याला ऐकू येतो तो कॅरियर आणि जो ऐकू न येता दुसऱ्याला हलवतो तो मॉड्युलेटर.

मॉड्युलेटरची पातळी वाढवली की स्वर तेजस्वी होतो, कमी केली की मऊ होतो. तानपुऱ्याची जवारी उघडी किंवा बंद करावी तसा हा प्रकार आहे. तार तीच, सूर तोच, पण जवारी किती उघडली यावर स्वरातील झंकार ठरतो. इथे जवारी उघडण्याचे काम बोटाचा जोर करतो, हा या वाद्याचा मोठा गुण आहे.

बांधणी

मूळ डीएक्स७ आज मिळवणे अवघड आणि सांभाळणे त्याहून अवघड आहे. डेक्स्ड नावाचे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या रचनेची नक्कल करते आणि ते विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. आपला कीबोर्ड यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा, डेक्स्डमध्ये कीबोर्ड मिडी (कोणती पट्टी किती जोराने दाबली हे कळवणारी संदेशांची पद्धत) इनपुट म्हणून निवडावा आणि ‘इनिट’ करून कोरा टोन घ्यावा. तयार टोन उघडून त्यात फेरफार करण्यापेक्षा कोऱ्या टोनपासून सुरुवात करण्याचा माझा आग्रह आहे, कारण कोणता आकडा काय करतो हे मग प्रत्येक पायरीवर कानाला कळते.

अल्गोरिदम ५ निवडावा. यात सहा ऑपरेटरांच्या तीन जोड्या होतात: २ हा १ ला हलवतो, ४ हा ३ ला आणि ६ हा ५ ला. तीन जोड्या म्हणजे आपण कानाने वेगळ्या केलेल्या तीन गोष्टी, म्हणून हा टोन शिकण्यासाठी फार सोयीचा आहे.

अंगापासून सुरुवात करावी. पहिली जोडी तूर्त बंद ठेवून ऑपरेटर ३ ची पातळी ९९ आणि ४ ची ८९ ठेवावी. दोघांचे वारंवारतेचे गुणोत्तर १ राहू द्यावे. आता एन्व्हलप, म्हणजे स्वर किती वेगाने कोणत्या पातळीवर चढतो आणि मावळतो याचे आकडे. इथे नवखे वादक हमखास चुकतात. इतर सिंथेसायझरांत आकडा वाढवला की वेळ वाढतो, पण इथे ‘रेट’ म्हणजे वेग असल्याने आकडा वाढला की गती वाढते आणि वेळ कमी होतो. ऑपरेटर ३ ला रेट ९५, २०, २०, ५० आणि लेव्हल ९९, ९५, ०, ० द्यावी. ऑपरेटर ४ ला दुसरा रेट २९ करावा आणि बाकी तसेच ठेवावे. मॉड्युलेटर कॅरियरपेक्षा थोडा लवकर मावळल्याने स्वर सुरुवातीला किंचित उजळ असतो आणि धरून ठेवला की आतून मऊ होत जातो. ऱ्होड्सची काडी नेमकी अशीच वागते.

तिसरी जोडी, म्हणजे ५ आणि ६, ही जवळजवळ याच अंगाची प्रत आहे. ऑपरेटर ५ ची पातळी ९९, ६ ची ७९, एन्व्हलप वरीलप्रमाणेच आणि ६ चा फीडबॅक (ऑपरेटरने स्वतःलाच हलवणे) ६ ठेवावा. मग ऑपरेटर ५ चा डीट्यून (सूर केसभर वर-खाली करणे) उणे ७ आणि ६ चा अधिक ७ करावा. आता दुसरी आणि तिसरी जोडी एकत्र वाजवून एक कॉर्ड चार सेकंद धरून ठेवावा. डबल रीडची ती मंद लहर इथे जन्माला येते. ती फार जलद वाटली तर ७ चे ५ करावेत. कॉर्ड बेसूर वाटू लागण्याच्या अलीकडे थांबणे महत्त्वाचे.

शेवटी पहिली जोडी, म्हणजे ‘टिण’. ऑपरेटर १ ची पातळी ९९, गुणोत्तर १, डीट्यून अधिक ३. ऑपरेटर २ चे गुणोत्तर मात्र १४ आणि पातळी ५८. हे १४ या संपूर्ण टोनचे हृदय आहे. मध्य सप्तकातील सी स्वराची वारंवारता सुमारे २६२ हर्ट्झ असते. मॉड्युलेटर तिच्या चौदापटीने कंप पावत असल्याने मूळ स्वराच्या तेरापट आणि पंधरापट वारंवारतेवर, म्हणजे साधारण ३,४०० आणि ३,९०० हर्ट्झवर, दोन बारीक स्वर निर्माण होतात. मानवी कान याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून पातळी ५८ इतकी कमी असूनही ‘टिण’ स्पष्ट ऐकू येतो. गुणोत्तर १३ किंवा १५ करून पाहावे. फरक लहान वाटतो, पण ओळखीचा चेहरा बदलतो. ऑपरेटर १ ला रेट ९६, २५, २५, ६७ आणि २ ला ९५, ५०, ३५, ७८ द्यावेत. दोघांच्या लेव्हल ९९, ७५, ०, ० ठेवाव्यात. ऑपरेटर २ चा दुसरा रेट ५० असल्याने ‘टिण’ चमकून लगेच मागे सरतो. तो ३० वर आणला तर पियानोऐवजी घंटा वाजू लागते.

पातळीचे आकडे बदलताना हात सावध ठेवावा. वरच्या भागात एक अंक म्हणजे सुमारे पाऊण डेसिबल, त्यामुळे आठ अंकांत मॉड्युलेटरचा जोर दुप्पट होतो. दोन-दोन अंकांनी वर-खाली करावे आणि प्रत्येक वेळी तोच कॉर्ड वाजवून ऐकावे.

बोटाचा जोर

डेक्स्डमध्ये प्रत्येक ऑपरेटरला जोराची संवेदनशीलता ० ते ७ अशी देता येते. ऑपरेटर २ ला ७, ४ आणि ६ ला ६, कॅरियर १ आणि ३ ला २, व ५ ला ० द्यावी. या आकड्यांतील विषमता मुद्दाम आहे. मॉड्युलेटर जोराला भरपूर प्रतिसाद देतात आणि कॅरियर थोडाच, म्हणून जोराने वाजवल्यावर आवाज वाढतो त्यापेक्षा रंग अधिक बदलतो. बाजारातील तयार टोनमध्ये नेमके हेच उलटे असते.

आता एक अडचण येते, जी मला समजायला बरेच दिवस लागले. मूळ डीएक्स७ची पट्टी कितीही जोरात दाबली तरी मिडीवर जोराचा आकडा सुमारे १०० पर्यंतच जातो, तर आजचे कीबोर्ड १२७ पर्यंत सहज पोहोचतात. त्यातही आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ६१ पट्ट्यांचे कीबोर्ड हलक्या पट्ट्यांचे असतात. स्टेजवर उत्साह आला की बोट १२० च्या खाली येतच नाही. परिणामी ‘टिण’ सतत कर्कश लागतो आणि मधल्या सगळ्या छटा हरवतात. यावर उपाय म्हणून कीबोर्डच्या सेटिंगमध्ये टच ‘हार्ड’ किंवा ‘हेवी’ ठेवावा. तरीही स्वर तिखट वाटला तर ऑपरेटर २ ची पातळी ५८ वरून ५४ पर्यंत आणावी.

जमले की नाही हे पाहण्यासाठी मी एक चाचणी करतो. मध्य सप्तकातील जी हा स्वर पाच वेळा वाजवायचा, प्रत्येक वेळी थोडा अधिक जोर देऊन. पहिल्या वेळी ‘टिण’ जवळजवळ नसावा, तिसऱ्या वेळी तो ओळखू यावा आणि पाचव्या वेळी धातूची खरखर सुरू होण्याच्या उंबरठ्यावर असावा. दुसरा आणि चौथा आघात सारखेच ऐकू आले तर टचची सेटिंग अजून बसलेली नाही असे समजावे. वरच्या सप्तकांत ‘टिण’ बोचू लागतो. तिथे कीबोर्ड लेव्हल स्केलिंगने ऑपरेटर २ ची पातळी वर जाताना उतरती करावी आणि रेट स्केलिंग ३ च्या आसपास ठेवावे, म्हणजे वरचे स्वर खालच्यांपेक्षा लवकर मावळतात.

लॅपटॉप स्टेजवर न्यायचा नसेल तर

लॅपटॉप वापरायचाच असेल, तर ऑडिओ बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप जेवढे सॅम्पल साठवून घेतो तो आकडा) १२८ किंवा फार तर २५६ ठेवावा. ४४,१०० सॅम्पल दराने २५६ चा बफर म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर, जो हाताला जाणवत नाही. ५१२ वर तो १२ च्या जवळ जातो आणि ड्रमरबरोबर वाजवताना टोचू लागतो.

ज्यांना लॅपटॉप नको, त्यांनी आपल्या कीबोर्डमधलाच टोन सुधारावा. एफएमचे दोन टोन घ्यावेत, एक मऊ आणि एक चमकदार, आणि ते लेयर करावेत, म्हणजे एकाच पट्टीवर एकत्र वाजवावेत. कीबोर्डमध्ये लेयरला जोराची मर्यादा देण्याची सोय असेल तर चमकदार टोन ७० च्या वरच वाजेल असे करावे. ती सोय नसेल तर फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरची चमक कापली जाते ती मर्यादा) जोराशी बांधावा, म्हणजे हळू वाजवताना स्वर आपोआप झाकला जातो. ज्या कीबोर्डमध्ये सॅम्पल, म्हणजे मुद्रित केलेला स्वर, टाकता येते, त्यात डेक्स्डचे स्वर दर तिसऱ्या पट्टीवर एक या हिशेबाने, हळू आणि जोरात असे दोनदा मुद्रित करून टाकावेत. प्रत्येक सॅम्पल किमान सहा सेकंद लांब हवे. लूप लहान असला तर ती मंद लहर मध्येच उडी मारते.

कोरस, आणि मोनोची गोष्ट

मूळ डीएक्स७मध्ये कोरस (स्वराची किंचित हलती प्रत मिसळून त्याला रुंद करणारा इफेक्ट) नव्हता, रिव्हर्ब (जागेचा घुमारा देणारा इफेक्ट) नव्हता, आणि त्याचे आउटपुट एकच, म्हणजे मोनो होते. ध्वनिमुद्रणात ऐकू येणारी रुंदी स्टुडिओत नंतर दिलेली आहे. म्हणून टोन पूर्ण होईपर्यंत कोरस लावू नये. मग वेग सुमारे ०.६ हर्ट्झ, खोली कमी आणि मिश्रण ३० टक्क्यांच्या आसपास ठेवावे.

गंगाखेडजवळच्या एका गावात गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मी हा टोन स्टीरिओ कोरससह पहिल्यांदा वाजवला. घरी हेडफोनवर तो देखणा वाटत होता. स्टेजवर साउंडवाल्याने डावे आणि उजवे आउटपुट एकत्र करून दोन्ही बाजूंच्या स्पीकरांना दिले. आमचे गाणे सुरू झाले आणि कोरसची रुंदी नाहीशी होऊन उरलेला पियानो पातळ, पोकळ ऐकू येऊ लागला. दोन्ही बाजूंचा कोरस एकमेकांच्या उलट दिशेचा असल्याने एकत्र येताच तो खोडला जात होता. दोष साउंडवाल्याचा नव्हता, कारण खुल्या मैदानावर मोनो देणेच बरोबर असते. एका बाजूला बसलेल्या माणसाला अर्धे गाणे ऐकवून चालत नाही. तेव्हापासून घरी टोन लावतानाच मी फक्त डावी, म्हणजे मोनो लिहिलेली केबल जोडून ऐकतो आणि कोरसही मोनोच निवडतो. डीट्यूनची लहर टोनच्या आत असल्याने ती मोनोतही टिकते.

रिव्हर्ब जागा पाहून ठरवावा. सभागृहात प्लेट प्रकारचा, दीड-दोन सेकंदांचा रिव्हर्ब १५ टक्के पुरतो. पत्र्याच्या छताच्या मंगल कार्यालयात जागेचाच घुमारा इतका असतो की तो पूर्ण बंद ठेवावा. मोकळ्या मैदानावर मात्र थोडा अधिक चालतो.

वाजवणे

हा टोन दाटीने वाजवला की चिखल होतो. बेस गिटार असताना डाव्या हाताने मूळ स्वर आणि पंचम एवढेच, तेही हलके वाजवावे. उजव्या हाताने मध्य सी भोवतीचे तीन किंवा चार स्वर. पहिल्या मात्रेला कॉर्ड ठेवावा आणि पुढे तो मावळू द्यावा. मावळणे हा या टोनचा अर्धा रस आहे. सस्टेन पेडल कॉर्ड बदलताना सोडून नव्या कॉर्डच्या लगेच नंतर दाबावे. कडव्यात जोर ५० ते ७० आणि ध्रुवपदात ९० पर्यंत, असा भेद ठेवला तर गायकाला आधार मिळतो आणि गाण्याला चढ येतो. ध्रुवपदात स्ट्रिंग्जचा पॅड जोडायचा असेल तर तो इतका मागे ठेवावा की तो बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवावी.

गायकाने ‘काळी दोनमध्ये घ्या’ म्हटले तर डेक्स्डमध्ये ट्रान्सपोजने काही बिघडत नाही. सॅम्पल वापरत असाल तर मात्र स्वर ताणला जाऊन ‘टिण’चा रंग बदलतो, त्यामुळे तीनपेक्षा अधिक पट्ट्या सरकवायच्या असतील तर हातानेच दुसऱ्या पट्टीत वाजवणे बरे.

स्टेजवर

आपल्या भागात कार्यक्रमाच्या मध्ये वीज जाणे आणि जनरेटर सुरू होणे हे गृहीत धरूनच तयारी करावी लागते. त्या काही सेकंदांत कीबोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि साठवून न ठेवलेला टोन जातो. म्हणून टोन, टच आणि इफेक्टसह यूझर मेमरीत ‘राइट’ करून ठेवावा आणि शक्य असल्यास कीबोर्ड लहान यूपीएसवर चालवावा. वीज परत येताना पेडलवर पाय नसावा. बरेच कीबोर्ड सुरू होताना पेडलची दिशा ओळखतात आणि ते दाबलेले असेल तर पुढे सगळे उलटे चालते.

कीबोर्डपासून मिक्सर दूर असेल तर डीआय बॉक्स (सिग्नल लांब केबलसाठी योग्य करून देणारी छोटी पेटी) लावावा. साधी केबल पाच-सहा मीटरपलीकडे नेली की गुणगुण येण्याची शक्यता वाढते. गुणगुण आली तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो; तो कधीही मानू नये, कारण ओल्या मैदानावर तो जिवावर बेतू शकतो.

साउंड चेकमध्ये साउंडवाल्याला दोनच गोष्टी सांगाव्यात: १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा, म्हणजे बेसला जागा मिळेल, आणि ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या दरम्यान दोन-तीन डेसिबल कमी करावेत. मोठ्या स्पीकरांच्या भोंग्यांतून हाच पट्टा सर्वांत आधी बोचतो आणि आपला ‘टिण’ही तिथेच राहतो. त्याहून जास्त कापले तर टोनची ओळख जाते, म्हणून हे काम कानाने करावे. बँडमधील दुसऱ्या कोणाला तरी चार कॉर्ड वाजवायला बसवावे, स्वतः खाली उतरून मैदानाच्या मध्यावर उभे राहावे, आणि हळू वाजवलेल्या कॉर्डमध्ये ‘टिण’ जेमतेम ऐकू येतो का, जोरात वाजवलेल्यात तो टोचत तर नाही ना, एवढे पाहून मगच परत स्टेजवर जावे.